गुरुजनांचा गुरू : हाइनरिश पेस्टालॉझी

विद्यार्थ्याला शिक्षक शिकवितो, हे लहान मूलही जाणते. परंतु शिक्षकाला कोण शिकवितो, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. एकदा पदवी मिळाली आणि खडू हाती आला, की शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण संपले, अशीच पुष्कळांची समजूत असते. वर्गाचे दार लागले, की आत काय चालते हे तो शिक्षक, ती मुले आणि परमेश्वर यांवाचून इतरांस कळण्याचा मार्ग नसतो. भिंतीपलीकडे कोणी अपूर्णांक अतिशय सुगम रीतीने शिकवीत असला, तरी भिंतीअलीकडच्यास त्याचा पत्ता नसतो; मग पलीकडच्या गावच्या शाळेची वार्ता कशास हवी? ही बंद दारे उघडण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, आणि त्यापायी यश व अपयश दोन्ही पदरात घेतले, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

योहान हाइनरिश पेस्टालॉझी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिच शहरी १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. परंतु हाइनरिश अवघे पाच वर्षांचे असता ते परलोकवासी झाले. मरणसमयी त्यांनी घरातील बाबेली नावाच्या तरुण मोलकरणीस बोलावून, आपल्या बायकोमुलांस अंतर देऊ नको अशी विनवणी केली. तिने वचन दिले, आणि सारा जन्म त्या कुटुंबात राहून ते पाळले. घरात पैशाची चणचण फार. कपडे व जोडे लवकर फाटू नयेत म्हणून बाबेली मुलांना विनाकारण बाहेर जाऊ देत नसे. त्यामुळे हाइनरिश चारचौघांत वावरताना गबाळे व भोळे दिसत, आणि शाळासोबती त्यांची थट्टा करीत. एकदा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा गुरुजी व मुले जिन्यावरून धावत खाली आली. मग वर राहिलेल्या टोप्या आणि पुस्तके आणण्यास कोणी धजेना. तेव्हा पुन्हा वर गेले ते हेच भोळे हाइनरिश!

त्यांचे आजोबा झुरिचजवळच्या होंग गावी पाळक होते. सुटीत आजोबांकडे गेले म्हणजे ते त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरी जात. लहानपणी टवटवीत असलेली खेड्यातील मुले कष्टाने व अज्ञानाने कशी कोमेजून जातात, हे त्यांनी तेथे पाहिले. ते दुःख त्यांच्या मनातून पुढे कधीच गेले नाही. विद्यालयात असता रूसोचा 'एमील' हा ग्रंथ त्यांच्या हाती पडला. पाळक होण्याचा व नंतर कायद्याचा विचार सोडून देऊन त्यांनी शेतकरी व्हावयाचे ठरविले. १७६९ साली आन्ना शुल्थेस या सुशील आणि सुखवस्तू घरातील कन्येशी त्यांचा विवाह झाला. बिर गावाजवळ माळरान घेऊन त्यांनी 'नॉयहोफ', म्हणजे नवे शेतघर, बांधले आणि मंजिष्ठेची लागवड आरंभिली. ती बुडाली. मग १७७४ च्या सुमारास रस्त्यावर भीक मागणारी मुले घरी आणून, त्यांस सूत कातावयास, विणावयास व त्याबरोबरच वाचावयास शिकविण्याचा उद्योग त्यांनी मांडला. मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च भागेल ही अपेक्षा होती. पण सहा वर्षांत, १७८० साली, तीही शाळा बंद पडली. पत्नीचे द्रव्य संपले, मित्र दुरावले, आणि या मनुष्याच्या हातून काही व्हावयाचे नाही असे लोक उघड बोलू लागले.

अशा स्थितीत त्यांनी लेखणी उचलली. १७८१ साली प्रसिद्ध होऊ लागलेली 'लीनहार्ट आणि गेर्ट्रूड' ही त्यांची कादंबरी युरोपभर वाचली गेली. गेर्ट्रूड ही एका गरीब गवंड्याची बायको. ती मुलांकडून सूत कातून घेता घेता त्यांस मोजावयास, बोलावयास व विचार करावयास शिकविते. या कथेतील एक प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. गावात चांगली शाळा काढावयाची ठरते, तेव्हा गावचा जमीनदार, पाळक आणि भावी शाळामास्तर असे तिघेही प्रथम गेर्ट्रूडच्या झोपडीत जाऊन तिचे शिकविणे पाहतात, आणि मग त्या धर्तीवर शाळा उभारली जाते. शिक्षकाने शिकवावयास शिकावे ते दुसऱ्याचे चांगले शिकविणे समक्ष पाहून, ही गोष्ट पेस्टालॉझींनी स्वतः शाळामास्तर होण्यापूर्वीच अशी लिहून ठेविली होती.

ती आचरणात आणण्याची संधी येण्यास मात्र त्यांस पन्नाशी ओलांडावी लागली. सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने निडवाल्डन प्रांतातील उठाव मोडला. स्टान्स गाव जळाले, शेकडो माणसे मारली गेली, आणि अनाथ मुले रानोमाळ झाली. नव्या स्विस सरकारने या मुलांसाठी एका मठाच्या इमारतीत आश्रम काढला व तो पेस्टालॉझींच्या हवाली केला. जानेवारी १७९९ मध्ये मुले येऊ लागली. लवकरच त्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली. कोणाच्या अंगावर खरूज, कोणाच्या केसांत उवा, कोणाच्या डोळ्यांत धास्ती. मदतीस एक घरकाम पाहणारी बाई, बस्स. पुस्तके नाहीत, पाट्या नाहीत. गाव रोमन कॅथलिक आणि हे प्रॉटेस्टंट. शिवाय मुलुख उद्ध्वस्त करणाऱ्या सरकारने पाठविलेले. त्यामुळे गावकऱ्यांचाही विश्वास नाही. पेस्टालॉझी मुलांबरोबरच जेवीत, त्यांच्यामध्येच निजत, आणि ज्याला चार अक्षरे आली त्याला लहानग्यांजवळ बसवून शिकवावयास लावीत.

त्याच वसंत ऋतूत शेजारचे आल्टडोर्फ गाव आगीत भस्म झाले. पेस्टालॉझींनी मुलांस जवळ बोलाविले आणि विचारले, की तेथील वीसएक निराधार मुलांस आपण येथे आणावे काय? ती आली तर तुमचे अन्न कमी होईल, काम वाढेल आणि कपडेही वाटून घ्यावे लागतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. मुलांनी एकमुखाने होकार दिला. काही महिन्यांपूर्वी भाकरीच्या तुकड्यासाठी झगडणारी हीच ती मुले! परंतु जून १७९९ मध्ये सैन्याच्या इस्पितळासाठी इमारत हवी झाली, आणि आश्रम मोडला. पेस्टालॉझी रक्त ओकेपर्यंत थकले होते.

प्रकृती थोडी सुधारताच ते बुर्गडोर्फ येथे गेले आणि शाळेत एखादी जागा द्या अशी विनंती त्यांनी केली. युरोपभर ज्यांचे नाव झालेले, फ्रान्सच्या राष्ट्रसभेने ज्यांस १७९२ साली सन्मान्य नागरिकत्व दिलेले, त्या त्रेपन्न वर्षांच्या ग्रंथकारास एका चांभाराने आपल्या घरी चालविलेल्या गरिबांच्या शाळेत मदतनिसाची जागा मिळाली. चांभारदादांस हा पाहुणा आवडला नाही. धर्मप्रश्नोत्तरे पाठ न करविता हा मुलांस भिंतीवरच्या जुन्या कागदाची भोके मोजावयास लावितो, त्यांचे आकार सांगावयास लावितो, अशी पालकांपाशी ओरड झाली. नवे प्रयोग करावयाचे तर श्रीमंतांच्या मुलांवर करा, आमच्या नको, असे पालकांनी बजाविले, आणि पेस्टालॉझींस तेथून हलविण्यात आले. मग त्यांस अगदी लहान मुलांचा वर्ग मिळाला. मार्च १८०० मध्ये गावच्या शाळासमितीने त्या मुलांची परीक्षा घेतली आणि त्यांची प्रगती पाहून पेस्टालॉझींच्या पद्धतीची लेखी प्रशंसा केली.

येथवर पेस्टालॉझी एकटे होते. यापुढची कथा मात्र एकट्याची नाही, आणि तीच आमच्या विषयाचा गाभा आहे. युद्ध व दुष्काळ यांनी गांजलेल्या आपेन्झेल प्रांतातून काही मुलांस घेऊन हेर्मान क्रूसी नावाचा तरुण शिक्षक बुर्गडोर्फला आला होता. हा पूर्वी सुताचे ओझे वाहून पोट भरणारा. अठराव्या वर्षी गावच्या शाळेवर नेमला गेलेला. त्याच्यापाठोपाठ बाझेलहून टोबलर नावाचे एक शिक्षक आणि बुस नावाचे एक पुस्तके बांधणारे गृहस्थ आले. बुस यांस चित्रकला व संगीत यांचे चांगले अंग होते. ऑक्टोबर १८०० मध्ये बुर्गडोर्फच्या किल्ल्यात या चौघांनी मिळून विद्यालय आणि त्याला जोडूनच शिक्षक तयार करण्याचा वर्ग सुरू केला.

आता पेस्टालॉझींकडे पाहिले तर ते रूढ अर्थाने चांगले मास्तर मुळीच नव्हते. त्यांचे अक्षर वाईट, चित्र काढता येत नसे, गळा बेसूर, गणितात कच्चे, पोशाख अस्ताव्यस्त. हे ते स्वतः मोकळेपणी कबूल करीत. परंतु जे आपणास येत नाही ते दुसऱ्याकडून घ्यावयास त्यांस कधी लाज वाटली नाही. कल्पना त्यांची, पण बालकांना ती पचेल अशा रूपात उतरविण्याचे काम क्रूसीचे. आकार व चित्रे यांची चढती मालिका बुसची. भाषा व भूगोल टोबलरचे. चौघे एकमेकांच्या वर्गात बसत, चुकले ते रात्री बोलून काढीत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा प्रयत्न करीत. १८०१ साली निघालेला 'गेर्ट्रूड आपल्या मुलांस कसे शिकविते' हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे या उद्योगाचीच हकीकत होय. आणि त्यात या सोबत्यांची नावे व त्यांचे पूर्ववृत्त पेस्टालॉझींनी आदराने दिले आहे.

ते मुलांपासूनही शिकत. एकदा वर्गात शिडीचे चित्र दाखवून धडा चालला होता. एक मुलगा म्हणाला की खरी शिडी तर अंगणातच आहे, मग चित्र कशाला? पुढे खिडकीचे चित्र निघाले, तेव्हाही त्याच मुलाने समोरची खरी खिडकी दाखविली. पेस्टालॉझींस हे कळताच, मुलाचेच बरोबर, असा त्यांनी निर्णय दिला आणि चित्रे बाजूस ठेवून प्रत्यक्ष वस्तू पुढे घेतल्या. आधी वस्तू, मग शब्द; आधी जवळचे, मग दूरचे; आधी सोपे, मग अवघड; आणि जे शिकविणे ते डोके, हृदय व हात या तिघांनाही, असे त्यांच्या पद्धतीचे थोडक्यात सार आहे. आज मराठीत एखाद्याचे आचरण अनुकरणीय असले म्हणजे आपण त्याने 'वस्तुपाठ' घालून दिला असे म्हणतो. इंग्रजी अमदानीतील मराठी शाळांतून वस्तुपाठ हा अभ्यासाचा एक भागच होता. आणि त्या पद्धतीचे मूळ शोधीत गेल्यास आपण याच स्विस किल्ल्याशी जाऊन पोहोचतो.

राज्यव्यवस्था पालटली आणि १८०४ मध्ये बुर्गडोर्फचा किल्ला सोडावा लागला. काही काळ म्युन्खेनबुखसे येथे राहून अखेर १८०५ साली पेस्टालॉझी सरोवराकाठच्या इव्हर्दन गावी चार बुरुजांच्या जुन्या किल्ल्यात स्थिर झाले. पुढील वीस वर्षे हा किल्ला म्हणजे युरोपातील शिक्षकांचे क्षेत्रच झाला. किल्ल्याचा दरवाजा दिवसभर उघडा असे. त्यावर पहारेकरी नसे. १८०९ च्या सुमारास तेथे दीडशेहून अधिक मुले, तीसएक शिक्षक व उपशिक्षक, आणि केवळ शिकविण्याची रीत पाहण्यास व शिकण्यास देशोदेशींहून आलेली तितकीच प्रौढ मंडळी होती. भूगोलाचा धडा सुरू व्हावयाचा तो गावाबाहेरच्या ओढ्याच्या खोऱ्यात. मुले ते खोरे चोहोबाजूंनी पाहत, चिकणमाती गोळा करून आणीत, मेजावर तेच खोरे मातीचे बनवीत, आणि ते बरोबर साधले म्हणजे मगच त्यांस नकाशा दाखविला जाई. बाहेरून आलेले दाढीमिशांचे शिक्षक हे सर्व पाहत आणि कित्येकदा मुलांच्या बाकावर बसून धडे घेत. शिक्षकांच्या सभा नियमाने होत; प्रत्येक मुलाची वागणूक, प्रत्येक विषयाची मांडणी, यांवर वादविवाद चालत.

हे येथेच थांबले नाही. १८०७ साली त्यांनी शिक्षणाला वाहिलेले एक साप्ताहिक काढले. १८०८ साली लेन्त्सबुर्ग येथे शिक्षणप्रेमी स्विस मंडळींची एक संस्था स्थापन झाली व तिचे अध्यक्षपद पेस्टालॉझींकडे आले. पुढल्या वर्षी तिच्यापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षणाच्या मूलतत्त्वांवर दीर्घ व्याख्यान दिले. निरनिराळ्या गावचे शिक्षक, पाळक आणि अधिकारी यांनी वर्षातून एकत्र येऊन आपापला अनुभव सांगावा, ही प्रथा अशी रुजू लागली.

त्या वेळी प्रशियाचे राज्य नेपोलियनपुढे धुळीस मिळाले होते. बर्लिनमध्ये तत्त्वज्ञ फिख्टे यांनी आपल्या व्याख्यानांतून सांगितले, की राष्ट्र पुन्हा उभे करावयाचे तर ते शिक्षणानेच, आणि त्याचा आरंभ पेस्टालॉझींच्या पद्धतीपासून करावा. प्रशियाच्या सरकारने निवडक तरुण आपल्या खर्चाने इव्हर्दनला पाठविले. केवळ बाहेरची रीत उचलून आणू नका, तिच्यामागील प्रेम व तळमळ घेऊन या, अशा आशयाची ताकीद त्यांस होती. काव्हेराउ, हेनिंग, ड्राइस्ट इत्यादी हे तरुण परत गेले आणि त्यांनी अध्यापनशाळांतून शेकडो शिक्षक तयार केले. एका शाळेत पेटलेली ज्योत शिक्षकांच्या हातून दुसऱ्या शाळेत, आणि तेथून तिसऱ्या शाळेत, अशी जाऊ लागली.

इव्हर्दनला येऊन गेलेल्यांची नामावळी लहान नाही. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल आपल्या तीन शिष्यांसह तेथे दोन वर्षे राहिले. भूगोलवेत्ते कार्ल रिटर आले. कामगारांचे कैवारी रॉबर्ट ओवेन आले. १८१६ साली डॉक्टर अँड्र्यू बेल आले. मद्रासच्या अनाथालयात असता, आपल्या देशी शाळांत वाळूवर अक्षरे गिरविणारी मुले पाहून, मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्याची 'मद्रास पद्धती' ज्यांनी इंग्लंडात नेली, तेच हे बेल. दोघा वृद्धांचे मत जुळले नाही. बेल यांस शिस्तबद्ध यंत्र हवे होते, पेस्टालॉझींस प्रत्येक मुलाचे मन. तथापि दोघेही एकमेकांचे ऐकून घेण्यास एका ठिकाणी बसले, हेही थोडे नव्हे.

१८१४ च्या आरंभी दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी इव्हर्दनचा किल्लाही इस्पितळ म्हणून घेण्याचे ठरले. स्टान्सचा अनुभव पेस्टालॉझी विसरले नव्हते. ते तडक बाझेलला गेले आणि रशियाचा बादशहा अलेक्झांडर याच्या भेटीत, किल्ल्याची गोष्ट बाजूस ठेवून, रशियातील गुलाम शेतकऱ्यांस मुक्त करून शिक्षण द्यावे असा उपदेशच करू लागले. बादशहा प्रसन्न झाला. किल्ला वाचला.

परंतु जो किल्ला बाहेरच्या सैन्यापासून वाचला तो आतल्या कलहापासून वाचला नाही. येथे आम्हांस अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १८०९ मध्ये संस्थेची सरकारी तपासणी झाली. तपासनिसांत फ्रायबुर्गचे सुप्रसिद्ध शिक्षक पाद्री जिरार हे होते. त्यांनी पेस्टालॉझींच्या हेतूंची थोरवी मान्य केली. पण ही संस्था एका वाटेने आणि देशातील सामान्य शाळा दुसऱ्या वाटेने चालल्या आहेत, दोहोंचा मेळ बसत नाही, असा आशयही अहवालात आला. दूरच्या प्रशियाला जे पोहोचले ते शेजारच्या खेड्यातील शाळेस पोहोचत नव्हते. हा आक्षेप शांतपणे विचारात घेण्याजोगा होता. तसे न होता वाद वाढला. त्यातच नीडरर हे तत्त्वचिंतक पाळक आणि श्मिड हा गणितात निष्णात, कर्तबगार पण हट्टी तरुण, या दोघा प्रमुख सहकाऱ्यांत वितुष्ट आले. आन्नाबाई होत्या तोवर कसेबसे निभावले. डिसेंबर १८१५ मध्ये ती साध्वी निवर्तली, आणि घराचा आधारच गेला. १८१६ साली सोळा वर्षांचा सोबती क्रूसी निघून गेला. १८१७ साली नीडरर गेले. पुढे कोर्टकज्जेही झाले. जे शिक्षक एकेकाळी एकमेकांच्या वर्गात आनंदाने बसत, ते एकमेकांचे तोंड पाहीनात. आपल्या ग्रंथसंग्रहाच्या वर्गणीच्या बळावर वृद्ध पेस्टालॉझींनी १८१८ साली जवळच क्लँदी येथे गरिबांची शाळा काढली, पण तीही टिकली नाही. १८२५ साली इव्हर्दनचे विद्यालय बंद झाले आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरील तो वृद्ध आपल्या नॉयहोफच्या शेतघरी परतला.

जाण्यापूर्वी एक समाधान मात्र त्यांच्या वाट्यास आले. ऱ्हाइन नदीकाठी बॉयगेन येथे क्रिस्टियान हाइनरिश त्सेलर यांनी १८२० साली अनाथांचा आश्रम व गरिबांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करणारी संस्था चालू केली होती. तिच्या संस्थापकांत श्पिटलर हे एक होते. ज्या बाझेल मिशनने पुढे मंगळूर, धारवाड, हुबळी या भागांत शाळा काढल्या, त्या मिशनच्या प्रवर्तकांपैकीच हे गृहस्थ. १८२६ साली पेस्टालॉझी बॉयगेनला गेले. मुलांनी गीत गाऊन त्यांचे स्वागत केले आणि ओकच्या पानांचा मुकुट त्यांस अर्पण केला. तो त्यांनी घेतला नाही; हा मान निष्पाप बालकांचा आहे, असे म्हणून त्यांनी तो मुलांकडेच परत दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. स्टान्सला जे स्वप्न मोडले ते येथे दुसऱ्याच्या हातून उभे राहिलेले त्यांनी पाहिले. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे त्यांचे देहावसान झाले. बिर गावी शाळेच्या भिंतीलगत त्यांस मूठमाती देण्यात आली. १८४६ साली, त्यांच्या जन्मशताब्दीस, तेथे उभारलेल्या स्मारकावर नॉयहोफ, स्टान्स, बुर्गडोर्फ, म्युन्खेनबुखसे, इव्हर्दन या स्थळांची नावे कोरलेली आहेत. एकेक स्थळ म्हणजे एकेक मोडलेली शाळा!

मग काय उरले? इमारत उरली नाही, पैसा उरला नाही, माणसे उरली. बुर्गडोर्फला असलेले जोसेफ नेफ १८०६ सालीच अमेरिकेत गेले आणि फिलाडेल्फियाजवळ त्यांनी या धर्तीची शाळा काढली. तीन वर्षे इव्हर्दनला राहिलेले इंग्रज पाळक चार्ल्स मेयो यांनी व त्यांच्या भगिनीने ही पद्धती इंग्लंडात नेली. १८३६ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने तिच्या आधारे शिशुशाळांचे शिक्षक तयार केले. त्या संस्थेची साधने अमेरिकेतील ऑस्विगो गावचे शाळाधिकारी एडवर्ड शेल्डन यांनी कॅनडातील टोरोंटो येथे पाहिली, आणि १८६१ साली लंडनहून एक अनुभवी शिक्षिका बोलावून आपल्या गावी अध्यापनशाळा सुरू केली. लवकरच तेथे शिकवावयास आलेल्या एका शिक्षकाचे नाव हेर्मान क्रूसी असे होते. सुताचे ओझे वाहणाऱ्या त्या जुन्या क्रूसीचाच हा मुलगा! पुढे ऑस्विगो येथे शिकलेले ताकामिने हिदेओ यांनी तीच विद्या जपानमध्ये टोकियोच्या अध्यापनशाळेत नेली. स्विस किल्ल्यातील धडा येणेप्रमाणे एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जात जात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास पोहोचला.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? पहिली गोष्ट ही, की उत्तम शिक्षण ही कोणा एकाची मिरास नव्हे. जे एका वर्गात साधले ते शेजारच्या वर्गास, आणि जे एका शाळेत साधले ते शेजारच्या शाळेस द्यावे. आणि देण्याहूनही अवघड असे जे घेणे, तेही करावे. आपल्या महाराष्ट्रात जवळजवळच्या प्राथमिक शाळा मिळून एक केंद्र होते आणि त्या शाळांचे शिक्षक शिक्षण परिषदेत एकत्र बसतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. परिषद ही केवळ हजेरीपुरती न राहता, माझा धडा फसला तो का, हे जर तेथे एखाद्या शिक्षकास निर्भयपणे विचारता आले, तर ती खरी परिषद. दुसरी गोष्ट ही, की असा सहवास मानापमानाच्या पायी क्षणात मोडतो. इव्हर्दनला विद्वत्ता कमी पडली नाही. ऐकून घेणे कमी पडले. आणि तिसरी गोष्ट पालकांसाठी आहे. बुर्गडोर्फच्या पालकांप्रमाणे नव्या रीतीस पाहताक्षणीच विटू नये. आपल्या मुलाचे गुरुजी दुसऱ्या शाळेचे काम पाहावयास गेले म्हणून एक दिवस वर्ग बुडाला, तर तो दिवस वाया गेला असे समजू नये. त्याचे व्याज पुढे वर्षभर मुलांच्या पदरी पडते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडेही काही काम आहे. शिडीचे चित्र सोडून अंगणातील शिडी दाखविणारा तो मुलगा तुमच्याच वयाचा होता. शंका आली तर ती नम्रपणे पण मोकळेपणी विचारा. आणि तुम्हांस जे कळले आहे ते ज्यास कळले नाही त्यास सांगा. ज्या शाळेत मुले, गुरुजन व पालक हे तिघेही शिकत असतात, तिच्या भिंती कितीही जुन्या असोत, तेथे पेस्टालॉझींचे काम चालू आहे असे समजावे. आमच्या शाळेतही ते अखंड चालो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही हे चरित्र पुरे करितो.